जहाजावरच्या आवाजाचा धोका कसा तपासायचा: नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

जहाजावर सेफ्टीची जबाबदारी नव्याने अंगावर आली की लक्ष आधी आगीकडे, बंद टाक्यांकडे, उंचावरच्या कामाकडे जातं. आवाज मागे राहतो. आवाजामुळे त्या दिवशी कुणाला रक्त येत नाही आणि लॉगबुकात अपघाताची नोंद होत नाही. पण आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही. इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस पुढे चारचौघांत बसला की नुसती मान हलवत राहतो. समोरचा बोलतोय हे त्याला ऐकू येतं, पण ‘स’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘प’ यांतला फरक कळत नाही. हे सगळं टाळता येतं आणि तरीही ते होत राहतं, म्हणून हा लेख.

ज्युनिअर ऑफिसर, सेफ्टी ऑफिसर, सेफ्टी कमिटीवर निवडून आलेले खलाशी, किंवा कंपनीच्या ऑफिसातून जहाजाची तपासणी करायला येणारे, अशा सगळ्यांसाठी तो लिहिला आहे. ध्वनिशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही. साध्या कॅल्क्युलेटरवर लॉगचं बटण असलं की पुरे.

आधी तीन गोष्टी पक्क्या करा

पहिली गोष्ट डेसिबलची. हे आकडे साध्या बेरजेने चालत नाहीत. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. एक जनरेटर चालू असताना एखाद्या जागी १०० डेसिबल असतील आणि तितकाच आवाज करणारा दुसरा त्याच अंतरावर सुरू केला, तर २०० होत नाहीत, १०३ होतात. ऐकणाऱ्याला हा फरक जेमतेम जाणवतो, कानाला मात्र दुप्पट मार बसतो. म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. ८५ डेसिबलला ८ तास धरले, तर ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं आणि १०३ ला साडेसात मिनिटं. मोठ्या डिझेल इंजिनाशेजारी १०३ हा काही नवलाचा आकडा नाही. म्हणजे कान उघडे ठेवून मारलेला साडेसात मिनिटांचा एक राउंड, आणि त्या दिवसापुरती मर्यादा संपली.

दुसरी गोष्ट मीटरवरच्या ‘ए’ आणि ‘सी’ या अक्षरांची. माणसाचा कान खर्जातले आवाज कमी पकडतो. ‘ए’ मापन त्याचा हिशेब धरून आकडा देतं, आणि नियमांमधले बहुतेक आकडे ‘ए’मध्येच असतात. या लेखातही वेगळं सांगितलं नसेल तिथे ‘ए’च समजा. ‘सी’ दोन ठिकाणी लागतं: हातोडा पडणं किंवा लोखंडी प्लेट आपटणं अशा क्षणिक धमाक्यांचं शिखर मोजताना, आणि इअर मफ, म्हणजे दोन्ही कान झाकणाऱ्या गादीच्या वाट्या, निवडताना. त्याकडे पुढे येऊच.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि जमिनीवरच्या कारखान्यातून आलेल्या माणसाच्या ती हमखास लक्षात राहत नाही. कारखान्यातला कामगार पाळी संपली की बाहेर पडतो. जहाजावरचा माणूस वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, संपवून त्याच लोखंडी सांगाड्यात जेवतो आणि झोपतो. मेन इंजिनाची घरघर डेक प्लेटमधून त्याच्या बंकपर्यंत येते. त्यामुळे जहाजावर हिशेब ८ तासांचा नसतो, २४ तासांचा असतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, म्हणजे आयएमओच्या संहितेत दिवसभराची सरासरी ऊर्जापातळी ८० डेसिबलच्या वर जाऊ नये असं सांगितलं आहे. ८ तास ८५ डेसिबलमध्ये आणि उरलेले १६ तास शांततेत काढले, तर २४ तासांचा आकडा साधारण ८० च येतो. दोन्ही आकडे एकाच मापाचे आहेत, पण ते १६ तास खरंच शांत असायला हवेत.

यातूनच कामाची रीत ठरते. मोजायचा असतो तो माणसाचा दिवस. खोल्यांचे आकडे त्या हिशेबासाठी लागणारा कच्चा माल आहेत.

कोणता नियम कुठे लागतो

आयएमओची जहाजांवरील आवाजाची संहिता २०१२ मध्ये मंजूर झाली आणि सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या माध्यमातून १ जुलै २०१४ पासून बंधनकारक झाली. ती १,६०० ग्रॉस टन आणि त्यावरच्या नव्या जहाजांना लागते. त्याआधी १९८१ चा ठराव होता, आणि जुन्या जहाजांचं बांधकाम त्याच्या धर्तीवर झालेलं असतं. मासेमारी नौका, ड्रेजर, क्रेन बार्ज यांना ही संहिता लागू नाही. पण अशा नौकेवर इंजिन आणि झोपायची जागा यांच्यात कधीकधी एकच पत्रा असतो, म्हणून मूल्यमापन तिथे अधिकच गरजेचं आहे.

संहितेतल्या मर्यादा थोडक्यात अशा: यंत्रसामग्रीच्या जागा ११०, इंजिन कंट्रोल रूम ७५, स्वतंत्र वर्कशॉप ८५, ब्रिज (जहाज चालवण्याची खोली) ६५, ब्रिज विंग (तिच्या दोन बाजूंचे सज्जे) ७०, गॅली (स्वयंपाकघर) ७५. केबिन आणि जहाजावरचा दवाखाना १०,००० ग्रॉस टनांपर्यंत ६० आणि त्यापुढच्या जहाजांवर ५५. मेसरूमला, म्हणजे जेवणघराला, याच क्रमाने ६५ आणि ६०.

इंजिनरूमला ११० ची मुभा आहे म्हणजे ११० मध्ये काम करणं सुरक्षित आहे, असा अर्थ काही जण काढतात. तो साफ चुकीचा आहे. हे आकडे जहाज बांधणाऱ्यासाठी आहेत. माणसासाठीचा आकडा ८० चा, २४ तासांचा.

यासोबत सागरी कामगार करार, म्हणजे एमएलसी २००६, जहाजमालकावर धोक्याचं मूल्यमापन करण्याची जबाबदारी टाकतो आणि पाच किंवा अधिक खलाशी असलेल्या जहाजावर सेफ्टी कमिटी मागतो. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशात तीन पायऱ्या आहेत: ८० ला माहिती आणि संरक्षणाची सोय, ८५ ला संरक्षण सक्तीचं आणि आवाज कमी करण्याचा कार्यक्रम, ८७ ला पूर्ण मनाई. क्षणिक शिखरांसाठी हेच टप्पे ‘सी’ मापनात १३५, १३७ आणि १४० आहेत. ८० आणि ८५ तपासताना इअर मफ नाहीतच असं धरायचं. ८७ ची मर्यादा मात्र मफच्या आत, कानापाशी धरायची. आपल्या जहाजाचा झेंडा कोणत्या देशाचा आहे आणि तिथला कायदा काय म्हणतो, ते सुरुवातीलाच कंपनीकडून लेखी मागून घ्या.

मीटर हातात घेण्याआधी

नव्या जहाजावर नॉइज सर्व्हे रिपोर्ट असायलाच हवा, तोही खलाशांना सहज बघता येईल अशा ठिकाणी. तो शोधा. जहाज बांधून झाल्यावर सागरी चाचणीच्या वेळी मोजलेले आकडे त्यात असतात. मोजताना मेन इंजिन त्याच्या कमाल क्षमतेच्या किमान ८० टक्क्यांवर होतं, दारं-खिडक्या बंद होत्या, हवा-पाणी शांत होतं आणि सगळी यंत्रं कोरी करकरीत होती. आज ते जहाज दहा वर्षांचं असेल तर बेअरिंगं झिजली आहेत, एक्झॉस्टचं लॅगिंग (पाइपांवरचं उष्णतारोधक आवरण) ठिकठिकाणी उघडं पडलंय, फ्लोअर प्लेटचे स्क्रू हरवलेत. रिपोर्ट हा पाया म्हणून वापरा, पण आजची स्थिती त्यात सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मग जहाजाच्या तीन अवस्था वेगळ्या लिहून काढा: समुद्रात पूर्ण वेगाने, बंदरात शिरताना-निघताना, आणि धक्क्याला लागल्यावर. मेन इंजिन थांबलं की शांत, असं वाटतं. प्रत्यक्षात टँकरवर कार्गो पंप आणि टाक्यांत स्फोट होऊ नये म्हणून सोडायच्या इनर्ट गॅसचे ब्लोअर बंदरातच चालतात, दोन-तीन जनरेटर एकदम लागतात, कंटेनर जहाजावर रीफरचे, म्हणजे थंड कंटेनरांचे, पंखे निवासाला लागून घोंघावतात. बो थ्रस्टर (जहाजाचं नाक बाजूला ढकलणारा पंखा) सुरू झाला की पुढच्या भागातले आकडे वेगळेच होतात. फक्त समुद्रात मोजलेला सर्व्हे त्यामुळे अर्धवट राहतो.

आता कान आणि गळा वापरून एक फेरी मारा. दोन मीटरवरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर तिथे साधारण ८५ आहे. एक मीटरवर ओरडावं लागत असेल तर ९० च्या आसपास. या ढोबळ खुणेवरून कुठे नीट मोजायचं त्याची यादी तयार होते. फोनवरची ॲप्सही एवढ्याच कामाची, पक्का आकडा म्हणून त्यांचं वाचन अहवालात घालू नका. आणि टँकरच्या धोकादायक क्षेत्रात साधा फोन किंवा साधा मीटर न्यायचाच नाही. तिथे ठिणगी न पडणारं, प्रमाणित उपकरणच चालतं. आवाज मोजायला गेलेल्या माणसाने स्फोटाचा धोका सोबत नेऊ नये.

माणसांची यादी

ही पायरी घाईत उरकली जाते, आणि मूल्यमापन फसतं ते बहुधा इथेच. रँक लिहून थांबू नका. प्रत्येकाला बसवून विचारा: काल उठल्यापासून झोपेपर्यंत कुठे कुठे होतास, किती वेळ?

मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी, म्हणेल, ‘चार तासांचा वॉच.’ त्यातला कंट्रोल रूममध्ये किती आणि खाली किती, ते खोदून काढा. तेल शुद्ध करणाऱ्या प्युरिफायर रूममध्ये फिल्टर साफ करायला किती वेळ लागला? कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून काय केलं? वायपर, फिटर, इलेक्ट्रिकल ऑफिसर, कॅडेट यांचे दिवस एकमेकांपासून खूप वेगळे असतात. कॅडेटचा तर विशेष विचार करा. त्याला जिथे कमी पडेल तिथे पाठवतात आणि ‘मला मफ मिळाले नाहीत’ हे तो सहसा बोलून दाखवत नाही.

डेकवाल्यांना विसरू नका. गंज काढायचं चिपिंग, नीडल गन, ग्राइंडर ही हत्यारं १०० च्या वर सहज जातात, आणि लोखंडाच्या बंद कप्प्यात आवाज भिंतींवरून उलटून आणखी वाढतो. बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आणि एबी (अनुभवी खलाशी) यांचा एका चांगल्या हवेच्या आठवड्यातला चिपिंगचा वेळ एखाद्या इंजिनिअरच्या महिन्याभराच्या मारापेक्षा जास्त भरू शकतो. मुरिंग विंच, अँकर सोडताना साखळीचा खडखडाट, हॅच कव्हर आपटणं हे वेळेने थोडं असतं, पण शिखरांच्या यादीत येतं. गॅलीतला कुक दिवसभर एक्झॉस्ट पंख्याखाली उभा असतो, तोही यादीत हवा.

मोजणी

संहितेनुसार सर्व्हे करायचा तर क्लास १ चा, म्हणजे जास्त अचूक, मीटर लागतो. रोजच्या मूल्यमापनाला आयएसओ ९६१२ हे कामावरचा आवाज मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक क्लास २ ही चालवून घेतं. मोजणीआधी आणि नंतर कॅलिब्रेटर लावून बघा. त्यातून साधारणपणे ९४ डेसिबलचा ठरलेला स्वर येतो. आधीच्या आणि नंतरच्या वाचनात अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला तर मधली सगळी मोजणी बाद धरा आणि पुन्हा करा. मीटर आणि कॅलिब्रेटर दोन्ही दर दोन वर्षांनी प्रयोगशाळेतून तपासून आणायचे असतात. प्रमाणपत्राची तारीख अहवालात लिहा, इन्स्पेक्टर पहिलं तेच विचारतो.

मायक्रोफोन डेकपासून १.२ ते १.६ मीटर उंचीवर धरा, भिंतीपासून किमान अर्धा मीटर आणि चालू यंत्रापासून एक मीटर अंतर ठेवा. हात लांब करून धरा, स्वतःच्या पोटाशी नको. उघड्या डेकवर किंवा ब्लोअरजवळ मायक्रोफोनवर फोमची टोपी चढवा, नाहीतर वाऱ्याचाच आवाज मोजला जाईल. स्थिर घरघर असेल तिथे किमान १५ सेकंद पुरतात. चढउतार असेल तिथे कामाचं एक पूर्ण चक्र पकडा. आयएसओ ९६१२ च्या कामवार पद्धतीत एका कामाची किमान तीन वाचनं, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांची, घ्यायला सांगितली आहेत. तिन्हींत ३ डेसिबल किंवा जास्त तफावत आली तर आणखी वाचनं घ्या किंवा त्या कामाचे दोन तुकडे करा. प्रत्येक वाचनाशेजारी इंजिनाचा लोड, चालू जनरेटर, दाराची स्थिती आणि वेळ लिहा. त्याशिवाय पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करता येत नाही. ‘ए’सोबत त्याच जागी ‘सी’चंही वाचन घेऊन ठेवा.

दाराच्या स्थितीबद्दल थोडं जास्त सांगतो. कंट्रोल रूममध्ये एसी नीट चालत नाही म्हणून दार दोरीने बांधून उघडं ठेवलेलं असतं. ती गाठ इतकी जुनी झालेली असते की कुणाला ती दिसतही नाही. सर्व्हेच्या दिवशी ती सोडतात, दार बंद करतात, ७३ डेसिबल नोंदवतात, आणि संध्याकाळी गाठ परत बसते. दोन्ही स्थितींत मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. फरक कागदावर आला की एसी दुरुस्त करायला पैसे मागता येतात.

दिवसभर जागा बदलत फिरणाऱ्या माणसासाठी डोसीमीटर, म्हणजे अंगावर लावून दिवसभराचा आवाज मोजणारं यंत्र, बरा. तो खांद्यावर लावतात: कानाच्या छिद्रापासून किमान १० सेंटिमीटर लांब, खांद्याच्या साधारण ४ सेंटिमीटर वर. लावण्याआधी त्या माणसाला सांगा की यात बोलणं रेकॉर्ड होत नाही आणि मोजणी त्याच्या चुका पकडण्यासाठी नाही. हे न सांगता लावला तर तो त्या दिवशी इंजिनरूममध्ये जायचंच टाळेल आणि तुमचा आकडा खोटा पडेल.

हिशेब, एका मोटरमनच्या दिवसावर

समजा त्याचा दिवस असा गेला: इंजिनरूममध्ये २ तास १०३ डेसिबल, वर्कशॉपमध्ये २ तास ८८, कंट्रोल रूममध्ये ४ तास ७३, मेस आणि रिक्रिएशन रूममध्ये ४ तास ६२, केबिनमध्ये १२ तास ५८.

प्रत्येक आकड्याला १० ने भागा आणि १० चा तितका घात काढा. १०३ साठी १० चा १०.३ घात, म्हणजे सुमारे १,९९५ कोटी. त्याला तासांनी गुणा: २ तासांचे ३,९९० कोटी. वर्कशॉपचे १२६ कोटी, कंट्रोल रूमचे ८, मेसचे ०.६, केबिनचे ०.८. एकूण साधारण ४,१२६ कोटी. त्याला २४ ने भागलं की १७२ कोटी. त्याचा लॉग काढून १० ने गुणला की उत्तर ९२.४ डेसिबल.

८० डेसिबलची २४ तासांची मर्यादा त्या ४,१२६ कोटींच्याच मापात, म्हणजे २४ ने भागण्याआधी, २४० कोटी होते. हा माणूस कान उघडे ठेवून वावरला तर त्याच्या सतरा पट मार घेतो, आणि त्यातला जवळपास सगळा त्या दोन तासांत. बाकीच्या बावीस तासांत कितीही सुधारणा केली तरी उत्तर हलणार नाही. हिशेब मांडला की पहिला हात कुठे घालायचा ते असं आपोआप दिसतं.

आता त्याने इंजिनरूम आणि वर्कशॉपमध्ये पूर्ण वेळ असे मफ घातले, की कानापाशी खरोखर २० डेसिबल कमी पोचतात. उत्तर ७३.२ येतं. उत्तम. पण त्याच दोन तासांत फोन घ्यायला, घाम पुसायला, कुणाशी बोलायला म्हणून मफ एकूण १० मिनिटं काढले, तर उत्तर ८२ होतं. दहा मिनिटांत सुरक्षित दिवस मर्यादेबाहेर गेला. खलाशांना ट्रेनिंग देताना मी म्हणेन, बाकी सगळं नंतर दाखवा, आधी हे एवढं त्यांच्यासमोर कॅल्क्युलेटरवर करून दाखवा.

डेसिबलमध्ये न मावणारे धोके

अलार्म ऐकू येतो का? जीवरक्षक साधनांच्या संहितेप्रमाणे जनरल अलार्म किमान ८० डेसिबल आणि आजूबाजूच्या आवाजापेक्षा किमान १० ने वर हवा. १०५ डेसिबलच्या इंजिनरूममध्ये भोंग्यावरच भिस्त ठेवणं अवघड, म्हणून तिथे फिरते दिवे लागतात. साप्ताहिक चाचणीच्या वेळी इंजिन चालू असताना, मफ घातलेला माणूस प्युरिफायरच्या मागे, कॉम्प्रेसरच्या कोपऱ्यात, बिल्जच्या, म्हणजे जहाजाच्या तळाच्या, पातळीला उभा करा आणि विचारा: दिवा दिसला? आग विझवायला इंजिनरूममध्ये सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडण्याआधीचा इशारा ज्याला कळला नाही, त्याच्या जिवाशी गाठ आहे.

झोप. एमएलसीप्रमाणे २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायला हवी. केबिन ५८ असली आणि वरच्या डेकवर सकाळी चिपिंग सुरू झालं, तर रात्रीचा वॉच करून झोपलेल्याची विश्रांती कागदावरच राहते. कामाच्या परवानगीपत्रावर ‘वर-खाली कोण झोपलं आहे’ असा एक रकाना घाला.

पेंट आणि थिनरमधलं टोल्युइन, तसंच स्टायरीनसारखी द्रव्यं स्वतःच कानाला अपाय करतात, आणि मोठ्या आवाजासोबत जास्तच. काही अँटिबायोटिक इंजेक्शनंही त्याच गटातली आहेत. नीडल गनची थरथर हाताच्या नसांना लागते, तिचं मूल्यमापन वेगळं करा.

कमी कसं करायचं

इथे क्रम पाळा. मफ वाटणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कच्चं, म्हणून ते शेवटी.

आधी दुरुस्ती. उघडं लॅगिंग, गळका एक्झॉस्ट, सुटलेल्या फ्लोअर प्लेट, फाटलेलं दाराचं रबर, हवेच्या लाइनवरची गळती, बिघडलेला डोअर क्लोजर. यातलं बरंचसं जहाजावरच्या सामानात होतं. हवेवर चालणाऱ्या हत्यारांच्या एक्झॉस्टला सायलेन्सर बसवता येतो. नवी हत्यारं मागवताना आवाजाचा आकडा विचारून घ्या, परचेस विभागाला तो रकाना भरायची सवय लागली की पुढचं काम हलकं होतं.

मग वेळ आणि जागा. जे काम कंट्रोल रूममध्ये किंवा वर्कशॉपमध्ये आणून करता येतं ते इंजिनाशेजारी का करायचं? लॉगच्या नोंदी, टूलबॉक्स मीटिंग, कॅडेटला समजावून सांगणं हे दार बंद करून आत करा. चिपिंगचे तास माणसांत वाटून द्या, आणि ओव्हरहॉल, म्हणजे यंत्र उघडून करायची पूर्ण दुरुस्ती, शक्यतो शेजारचं यंत्र बंद असताना घ्या.

फलक दारावर, डोळ्यांच्या पातळीला. संहितेनुसार ८० ते ८५ ला कानाचं संरक्षण वापरण्याची सूचना, ८५ ते ११० ला सक्ती, ११० ते ११५ ला सक्तीसोबत ‘थोडाच वेळ थांबा’, आणि ११५ च्या वर १० मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये असा इशारा. १२० च्या वर संरक्षण घालूनही कुणी जायचं नाही. मफ त्याच दाराबाहेर टांगलेले असू द्या, दोन मजले वरच्या लॉकरमध्ये नकोत.

मफ आणि प्लग निवडताना

पाकिटावर एसएनआर नावाचा, किती आवाज अडवला जातो ते सांगणारा आकडा असतो. तो ‘सी’ वाचनातून वजा करायचा असतो, ‘ए’मधून नाही, म्हणून आधी दोन्ही मोजायला सांगितलं. इंजिनाच्या आवाजात खर्ज जास्त असतो आणि खर्ज अडवायला मफ कमी पडतात. वर, प्रयोगशाळेतला आकडा प्रत्यक्षात मिळत नाही, त्यासाठी ४ डेसिबल परत मिळवण्याचा प्रघात आहे. समजा ‘सी’ वाचन १०५ आणि एसएनआर २६. तर १०५ मधून २६ गेले ७९, त्यात ४ मिळवले ८३. वरच्या मोटरमनचे ‘खरे २० डेसिबल’ असेच आले होते: १०३ चे ८३.

कानापाशी ७० ते ८० उरावेत हे लक्ष्य ठेवा. या मोटरमनसाठी एसएनआर ३० च्या आसपासचा मफ जास्त योग्य ठरेल. पण जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. ७० च्या खाली गेलं की माणसाला अलार्म आणि सोबत्याची हाक ऐकू येत नाही, आणि मग तो मफ काढतो. प्लगवर मफ असं दुहेरी घातलं तर दोन्ही आकड्यांची बेरीज होत नाही, फायदा जेमतेम ५-६ डेसिबलचा होतो, कारण पुढे आवाज हाडांतूनच आत जातो.

फोमचा प्लग घालायची रीत हातात हात धरून शिकवा. हात आधी धुवायचे, तेलकट बोटांनी प्लग कानात जाता कामा नये. प्लग चिमटीत गोल फिरवत बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने दाबून ठेवायचा. समोरून बघताना तो बाहेर लोंबत असेल तर नीट बसलेला नाही. मफबाबत चष्म्याची काडी, लांब केस आणि कडक झालेली गादी बघा. गादीला भेग पडली की बदला.

श्रवणचाचणी

कामावर रुजू होतानाची चाचणी पायाभूत धरतात, पुढच्या तिच्याशी ताडून बघतात. चाचणीआधी १४ ते १६ तास शांततेत गेलेले हवेत. थेट वॉचवरून उठून केली तर तात्पुरता बधिरपणाच मोजला जातो. आवाजामुळे होणारी हानी पहिल्यांदा ४,००० हर्ट्झच्या आसपास खाच पडल्यासारखी दिसते, ८,००० ला आलेख पुन्हा वर येतो. रोजच्या बोलण्यात ती तेव्हा जाणवतही नाही, म्हणून ‘मला तर सगळं ऐकू येतं’ हे उत्तर पुरेसं मानू नका. वॉच संपल्यावर कानात शिट्टी वाजते का, टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो का, हे विचारा. एकेकाचा निकाल खाजगी ठेवा. तो प्रमोशनच्या चर्चेत आला की पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही.

नोंद आणि फेरतपासणी

अहवाल लांबलचक नको. प्रत्येक गटासाठी एक पान: दिवसाचे तुकडे, मोजलेले आकडे आणि त्या वेळची स्थिती, २४ तासांचं उत्तर संरक्षणाशिवाय आणि संरक्षणासह, शिखरं, ठरवलेले उपाय, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. ‘खलाशांना जागरूक केले जाईल’ असं वाक्य उपाय म्हणून लिहू नका. त्याला तारीख नसते आणि माणूसही नसतो. अहवालाची प्रत मेसमध्ये ठेवा आणि सेफ्टी कमिटीत वाचून दाखवा.

मोठं ओव्हरहॉल झालं, यंत्र बदललं, कार्गोचा प्रकार किंवा मार्ग बदलून वेळापत्रक पालटलं, कुणी तक्रार केली, किंवा एकाच गटातल्या दोघांच्या श्रवणचाचणीत घसरण दिसली, तर त्या गटाचं पान पुन्हा मांडा. जहाज सोडताना रिलीव्हरच्या, म्हणजे आपल्या जागी येणाऱ्याच्या, हाती फाइल द्या आणि त्याच्यासोबत एकदा खाली जाऊन प्रत्येक मोजणीची जागा प्रत्यक्ष दाखवा. त्या जागांवर डेकवर रंगाचा छोटा ठिपका मारून ठेवला असेल, तर तो पुढच्या वेळी नेमका तिथेच मीटर धरेल.